पहिल्या नंबरला दिसणारी, पण कुणालाच न सापडणारी वेबसाइट : लातूरच्या एका डाळ मिल कारखान्याचं प्रकरण

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. लातूर एमआयडीसीतल्या शेडमध्ये अण्णांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "हे बघा, पहिल्याच नंबरला हाय आपलं. मग फोन का येईनात?"

अण्णा मिनी डाळ मिल बनवतात. मोठ्या गिरणीवाल्यांसाठी नव्हे. चार-पाच एकर तूर असलेला शेतकरी, गावातला बचत गट, नव्यानं नोंदणी झालेली शेतकरी कंपनी हे त्यांचं गिऱ्हाईक. डिसेंबर-जानेवारीत तूर घरात येते. बाजारात भाव मनासारखा नसला की घराघरांत एकच विषय निघतो : कच्ची तूर विकण्यापेक्षा डाळ करून विकली तर? तिथून मशीनची चौकशी सुरू होते. अण्णांचं अख्खं वर्ष या हंगामावर उभं असतं, आणि त्या वर्षी नेमक्या याच महिन्यांत फोन थंडावले होते.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण मराठवाड्यातल्या लहान कारखानदारांच्या वेबसाइटबद्दलचे जवळपास सगळे गैरसमज मला या एकाच शेडमध्ये भेटले. त्यांतल्या प्रत्येकासाठी अण्णांनी पदरचे पैसे मोजले होते. कारखान्याचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून देत नाही.

अण्णांनी गूगलवर टाइप केलं होतं ते कारखान्याचं नाव. मी म्हटलं, "अण्णा, नाव खोडा. नुसतं 'मिनी डाळ मिल' लिहा." त्यांनी लिहिलं. मशीन विकणारी मोठमोठी बाजारपेठ-संकेतस्थळं आली, यूट्यूबचे व्हिडिओ आले, दुसऱ्या जिल्ह्यांतले कारखाने आले. आम्ही बोटानं खाली-खाली सरकत गेलो. अण्णांचं नाव कुठंच नव्हतं.

खरा धक्का पुढं होता. नाव टाकल्यावर जे 'पहिल्या नंबरला' दिसत होतं, ती वेबसाइट नव्हतीच. ती गूगलच्या नकाशातली नोंद होती : फोटो, पत्ता, फोन नंबर असलेली चौकट. मोबाइलवर ती सगळ्यात वर येते आणि अर्धा पडदा व्यापते, त्यामुळं मालकाला वाटतं आपली साइट वर आहे. त्या चौकटीखाली आम्ही वेबसाइट शोधली. स्वतःच्या नावानंसुद्धा ती सापडली नाही.

स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या शेडमध्ये बसून, स्वतःचं नाव शोधणं ही नंबर मोजायची सगळ्यात फसवी रीत आहे. शोधणारा माणूस कुठं उभा आहे यावर गूगलचे निकाल बदलतात. लातुरात बसून दिसतं ते गंगाखेडला किंवा भालकीला तसंच दिसेल असं नाही. आणि कारखान्याचं नाव ज्याला आधीच माहीत आहे, त्याला शोधायची गरज किती? अण्णांना हवा होता तो माणूस, ज्याला त्यांचं नाव माहीतच नाही.

वही

वेबसाइट उघडण्याआधी मी ऑफिसात गेलो. अण्णांच्या सूनबाई हिशेब बघतात. त्यांना मी वहिनी म्हणतो. वहिनींकडं चौकशीची एक जाड वही होती. तारीख, गाव, फोन नंबर, काय विचारलं, कुठून कळलं असे रकाने, सगळं निळ्या पेनानं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, त्यांना स्वतःलाच तशी सवय होती. या कामात आजवर मला मिळालेलं सगळ्यात मोलाचं कागदपत्र तेच.

मागच्या दोन हंगामांची पानं मी तिथंच बसून वाचली. नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव. सीमेपलीकडचं बीदर, भालकी. प्रश्न तेच ते, पण प्रत्येकाच्या बोलीत. "सिंगल फेजवर चालंल का?" "तासाला किती क्विंटल निघंल?" "उतारा किती बसतो?" "हरभरा अन् मूग बी होतंय का, का निस्ती तूर?" "तेल-पाणी लावायला वेगळं यंत्र घ्यावं लागतं का?" "अनुदानात बसतंय का? बँकेला कोटेशन पायजे." "चुनी वेगळी निघते का?" "रोलर घासला तर कुठं मिळंल?"

'चुनी' म्हणजे भरडताना पडणारा डाळीचा चुरा, आणि 'उतारा' म्हणजे एक क्विंटल तुरीतून डाळ किती हाती येते ते. डाळीच्या धंद्यात सगळं या एका शब्दापाशी येऊन थांबतं. अण्णांच्या अख्ख्या वेबसाइटवर तो शब्द एकदाही नव्हता. तिथं होतं ते असं : 'वुई आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर, सप्लायर अँड एक्सपोर्टर ऑफ हाय क्वालिटी मशिनरी.' अण्णांनी आजवर एकही मशीन परदेशात पाठवलेलं नाही.

वहीत आणखी एक गोष्ट होती. 'कुठून कळलं' या रकान्यात मागच्या हंगामात 'नेटवर' असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं. या वर्षी दिवाळीनंतर तो शब्द विरळ होत गेला आणि डिसेंबरच्या मधल्या पंधरवड्यात अचानक परत दिसला. मग पुन्हा गायब. "इथं काय झालं होतं?" मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "तेव्हा गूगलला पैसे भरले होते. जाहिरात लावली होती."

आता अण्णांचा समज कसा घट्ट झाला ते कळलं. पैसे भरले, फोन आले; पैसे थांबवले, फोन थांबले. म्हणजे गूगलला पैसे दिल्याशिवाय ते वर येऊ देत नाही, आणि एकदा देऊन थांबवलं तर शिक्षा म्हणून खाली टाकतं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. प्रत्यक्षात जाहिरातीचे निकाल आणि नैसर्गिक, म्हणजे पैसे न देता येणारे, निकाल ही दोन वेगळी खाती आहेत. जाहिरात दिल्यानं नैसर्गिक क्रमांक वाढत नाही आणि बंद केल्यानं घटत नाही, हे गूगल स्वतः सांगतं. डिसेंबरात जाहिरात थांबली तेव्हा खालचं नैसर्गिक खातं आधीच कोरडं पडलेलं होतं. जाहिरातीनं ते कोरडेपण पंधरा दिवस झाकलं, एवढंच.

साइट वाचताच येत नव्हती

दिवाळीच्या सुमारास जुनी, साधी वेबसाइट काढून नवी, देखणी वेबसाइट बसवली होती. वर सरकणारे फोटो, फिरणारी चक्रं. आतून तपासल्यावर तीन गोष्टी सापडल्या. त्यांतली एक जरी असती तरी नुकसान पुरेसं होतं.

पहिली. नवी साइट बनवत असताना अर्धवट पानं गूगलमध्ये जाऊ नयेत म्हणून एक खूण करतात. साइट बनवायच्या वर्डप्रेस या प्रणालीत 'शोधयंत्रांना दूर ठेवा' अशा अर्थाचा एक चौकोन असतो, त्यावर टिक केली की प्रत्येक पानात 'नोइंडेक्स' ही सूचना जाते. काम संपल्यावर टिक काढायची असते. ती राहून गेली होती. गूगल दारात येत होतं, 'आत घेऊ नका' ही पाटी वाचत होतं आणि सांगितलं तसं एकेक पान यादीतून काढत होतं. दीड वर्ष दर महिन्याला एसईओच्या, म्हणजे साइट गूगलच्या निकालांत वर आणून देण्याच्या, पॅकेजचे पैसे जात होते, आणि त्यातले शेवटचे तीन महिने साइटवरच लिहिलेलं होतं की आम्हाला शोधू नका.

दुसरी. जुन्या पानांचे पत्ते बदलले होते. एका शेती मासिकाच्या संकेतस्थळावर आणि एका शेतकरी गटाच्या पानावर अण्णांच्या मशीनबद्दल लिहून आलेलं होतं, दुवा दिलेला होता. त्या दुव्यावर बोट ठेवलं की आता 'पान सापडत नाही' येत होतं. गावात दुकान हलवल्यावर आपण जुन्या दारावर नव्या पत्त्याची चिठ्ठी लावतो. वेबसाइटच्या बाबतीत ते काम रीडायरेक्ट करतं, आणि इथं ते कुणी केलंच नव्हतं.

तिसरी गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण ती मराठीसारख्या भारतीय भाषांतल्या साइटवर भेटते. 'मराठी' असं एक पान होतं. डोळ्यांना ते नीट मराठी दिसत होतं. मी त्यातला एक परिच्छेद उचलून वहिनींना व्हॉट्सअॅपवर पाठवला, तर त्यांच्याकडं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा पोचला. कॅटलॉग छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला होता. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरं रोमन असतात; फॉन्ट फक्त त्यांवर देवनागरीचं सोंग चढवतो. फॉन्टची फाइल साइटवर चढवलेली असल्यामुळं माणसाला मराठी दिसत होतं, यंत्राला मात्र अर्थहीन अक्षरांची रांग. म्हणजे नोइंडेक्सची टिक काढली असती तरी 'तूर', 'डाळ', 'मशीन' यांपैकी एकही शब्द गूगलला त्या पानावर सापडला नसता. बाकीची माहिती, म्हणजे क्षमता, मोटार, वजन, सगळं कॅटलॉगच्या फोटोत कोंडलेलं. फोटोतली अक्षरं गूगल थोडीफार ओळखू शकतं, पण त्या भरवशावर धंदा ठेवू नये.

ही व्हॉट्सअॅपची तपासणी ज्याची त्याला करता येते, पैसे लागत नाहीत. मराठी मजकूर असलेल्या प्रत्येकानं आपल्या साइटवर एकदा करून बघावी अशी माझी मनापासून विनंती आहे. पिढ्यान्‌पिढ्या छपाईत घडलेला चांगला मराठी मजकूर केवळ या कारणानं इंटरनेटवर अदृश्य पडून आहे.

पॅकेजात काय होतं

दरमहा येणारा अहवाल अण्णांनी छापून फाइलला लावला होता. रंगीत तक्ते होते. 'या महिन्यात इतक्या डिरेक्टरीत नोंदणी, इतके बॅकलिंक, इतके बुकमार्क.' काय केलं ते होतं. त्यातून काय झालं, किती माणसं आली, कुठल्या शब्दानं आली, याचा एक रकाना नव्हता. नोइंडेक्सच्या तीन महिन्यांतही अहवाल तितकाच रंगीत.

अण्णांना मी एकेक कागद घेऊन समजावत गेलो.

पानांच्या आत 'मेटा कीवर्ड' नावाच्या जागी शंभराच्या आसपास शब्द भरले होते, त्यात दुसऱ्या कारखान्यांची नावंही. "ही आपली खरी पुंजी," असं त्यांना सांगण्यात आलं होतं. गूगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं होतं की क्रमवारीसाठी ते ही जागा बघत नाहीत. दुसऱ्याच्या नावाचा असा वापर मला त्याशिवायही पटला नसता.

बॅकलिंकचं थोडं वेगळं आहे. दुसऱ्या साइटनं दिलेला दुवा ही शिफारस धरायची, या कल्पनेवर गूगल उभं राहिलं, त्यामुळं दुव्यांना किंमत आहे हे खरंच. शिफारस विकत घेण्याचा धंदा त्यातूनच निघाला. २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाच्या बदलानं अशा दुव्यांवर पहिला मोठा वार झाला, आणि २०१६ पासून तो मुख्य यंत्रणेचाच भाग आहे. अण्णांच्या नावावर परदेशी कॅसिनोच्या आणि ओसाड ब्लॉगच्या पानांवरून शेकडो दुवे होते. त्यांचा फायदा शून्य. त्यांना नाकारण्याची यादी गूगलला कळवायची एक सोय आहे, पण गूगल असे बहुतेक दुवे मोजतच नाही आणि कुठली कारवाईही झालेली नव्हती, म्हणून मी ती वापरली नाही. ज्या शेती मासिकानं आपणहून लिहिलं होतं त्याचा एक तुटलेला दुवा मला त्या शेकड्यांहून महत्त्वाचा वाटला.

पुढच्या वर्षाचा प्रस्तावही फाइलीत होता : प्रत्येक गावासाठी एक पान. 'डाळ मिल औसा', 'डाळ मिल निलंगा', 'डाळ मिल उदगीर', 'डाळ मिल रेणापूर'; मजकूर एकच, फक्त गावाचं नाव बदललेलं. नुसत्या लातूर जिल्ह्यात दहा तालुके, मग मराठवाड्याचे आठ जिल्हे धरले तर किती पानं होतील याचा अण्णांना आनंद झाला होता. पान जास्त म्हणजे जाळं मोठं, असा हिशेब. अशा पानांना गूगल दारपानं म्हणतं आणि ती त्यांच्या स्पॅम धोरणात बसतात. मार्च २०२४ मध्ये धोरण आणखी कडक झालं : क्रमवारीसाठी ढिगानं बनवलेला मजकूर, मग तो माणसानं लिहिलेला असो की यंत्रानं, गैरवापरच धरला जातो. मी अण्णांना एवढंच विचारलं, "औशाच्या माणसाला निलंग्याच्या माणसापेक्षा वेगळं काय सांगणार तुम्ही?" ते हसले. "मशीन तर एकच हाय."

कागदाच्या तळाशी मोठ्या अक्षरांत होतं : पहिल्या क्रमांकाची शंभर टक्के हमी. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, असं गूगलच्या मार्गदर्शनातच स्पष्ट लिहिलं आहे. मी ते वाक्य अण्णांना मोबाइलवर काढून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. "मग तुम्ही तरी काय देणार?" हा त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, साइट वाचता येईल, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिच्यावर असतील आणि दर महिन्याला तुमच्या वहीशी ताडून बघता येईल, एवढं नक्की.

काम

आधी डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता. ते अण्णांच्या नावावर नव्हतं. बनवणाऱ्याच्या ईमेलवर नोंदलेलं होतं. गोड बोलून, दोन-तीन वेळा फोन करून ते मालकाच्या नावावर आणायला तीन आठवडे गेले. एका सल्लागारानं 'डाळमिल' शब्द असलेलं नवीन डोमेन घ्यायला सुचवलं होतं, ते आम्ही सोडून दिलं. नाव बदलून क्रमांक मिळत नाही, उलट ओळख नव्यानं उभी करावी लागते.

नोइंडेक्सची टिक काढणं हे एका मिनिटाचं काम. पुढचे काही आठवडे पानं एकेक करून परत यादीत येत गेली. जुन्या पत्त्यांची यादी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरून काढली, तिथं जुन्या साइटची पानं जतन झालेली होती. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडं कायमचं रीडायरेक्ट लावलं. मासिकाचा दुवा जिवंत झाला.

खरं काम लिहिण्याचं होतं. वहीतले प्रश्न समोर ठेवून आम्ही शेडमध्ये बसलो. लहान मॉडेल सिंगल फेजवर चालतं, मोठ्याला थ्री फेज लागतं. ही एक ओळ अण्णांना इतकी साधी वाटत होती की ती लिहायची असते हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. ज्या वस्तीवर थ्री फेज रात्रीच येतं तिथल्या माणसासाठी सगळा व्यवहार त्या ओळीवर ठरतो.

उताऱ्यावरून वाद झाला. आकडा छापायला अण्णा तयार होईनात. "तूर कसली, वाळली किती, तेल लावून मुरू दिली का नाही, यावर उतारा. मी आकडा छापला अन् त्याला तेवढा पडला नाही तर तो शेडवर भांडायला येतो." ते बरोबर होतं. मग आम्ही वजन करूनच बघायचं ठरवलं. बीडीएन ७११ ही तूर आमच्याकडं सगळीकडं आहे, बदनापूरच्या संशोधन केंद्राची. ती घेतली, दर वेळी एक क्विंटल. एकदा घाईत, नीट न वाळवता. एकदा चाळून, तेल लावून, रात्रभर मुरवून, उन्हात वाळवून. डाळ, चुनी आणि टरफल वेगवेगळं तोललं. दोन्ही वेळचे आकडे, कुठल्या परिस्थितीत आले त्या वर्णनासकट पानावर टाकले आणि खाली तोलकाट्याचे फोटो. आकड्यासोबत अट लिहिली की आकडा भांडण लावत नाही, हे अण्णांना पटलं. माझ्या मते त्या साइटवरचं सगळ्यात चांगलं पान ते. त्यात एकही शब्द 'एसईओसाठी' घातलेला नाही.

अनुदानाचं पान वहिनींनी लिहिलं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० मध्ये सुरू झाली; पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान, आणि किमान १० टक्के स्वतःचा हिस्सा. जिल्हा संसाधन व्यक्तीला, म्हणजे अर्जासाठी मदत करायला योजनेनं नेमलेल्या माणसाला, भेटायचं असतं, बँकेसाठी कोटेशन लागतं. अण्णांकडून ते कसं मिळेल हेही लिहिलं. योजनांचे नियम आणि मुदती बदलतात, म्हणून पानावर शेवटची तपासणी केल्याची तारीख टाकली. दर तिमाहीला ती बघायची जबाबदारी वहिनींनी स्वतःहून घेतली.

भाषेबद्दल अण्णांच्या मुलाची शंका होती : इंग्रजी काढलं तर गूगलला कळेल का? गूगलला मराठी कळतं. शिवाय त्यांचं गिऱ्हाईक टाइप करतं ते असं : 'मिनी डाळ मिल किंमत', 'दाल मिल मशीन', कधी हेच रोमन अक्षरांत, आणि पुष्कळदा टाइप न करता माइकवर बोलून. 'डाळ' आणि 'दाल' असे दोन्ही शब्द मजकुरात सहज येतील तिथं आले, कोंबले नाहीत. धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर ही नावं २०२३ मध्ये अधिकृत झाली, पण लोकांच्या बोटांत जुनी नावंही आहेत. म्हणून पोचवण्याच्या जिल्ह्यांच्या यादीत दोन्ही एकदा लिहिली, पुरे झालं.

नकाशाच्या नोंदीत मला सगळ्यात वाईट वाटलं. टाचणी अजून गंजगोलाईतल्या, म्हणजे शहराच्या मधल्या बाजारपेठेतल्या, जुन्या दुकानावर होती. दोन हंगाम माणसं टेम्पो घेऊन गोलाईत फिरून, चौकशी करून एमआयडीसीत येत होती. काही तशीच परत गेली असणार, त्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही. टाचणी हलवली. कारखान्याच्या नावापुढं पॅकेजवाल्यांनी जोडलेलं 'नंबर वन मिनी डाळ मिल मॅन्युफॅक्चरर' हे शेपूट काढलं. पाटीवर असेल तेवढंच नाव द्यायचं असा गूगलचा नियम आहे, आणि तो मोडला तर नोंद निलंबित होऊ शकते. कामगारांकडून लिहून घेतलेले पाच तारे पुसायला लावले. स्थानिक निकालात गूगल तीन गोष्टी बघतं : शोधाशी जुळणी, अंतर आणि ख्याती. अंतर आपल्या हातात नाही. ख्याती खऱ्या गिऱ्हाइकानं लिहिली तरच टिकते, आणि त्यासाठी सूट देणंही नियमाबाहेर आहे. मशीन बसवून परत येताना कारागीर आता एवढंच म्हणतो, "अनुभव आला तसा लिहा."

त्यानंतर

टक्केवारी मी मुद्दाम देत नाही. शून्याजवळून वर आलेल्या साइटची कुठलीही टक्केवारी डोळे दिपवते आणि ती फसवी असते. वहीत काय झालं तेच सांगतो. मार्चच्या सुरुवातीला गंगाखेडकडून फोन आला, "ते बीडीएनचं वजन करून दाखवलंय ना, तुमचंच का ते?" वहिनींनी रकान्यात 'नेटवर' लिहिलं आणि पुढं कंसात 'उतारा पान'. तोवर हंगाम सरत आला होता. त्या वर्षीचं नुकसान भरून निघालं नाही. असं काम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते वर्ष लागतं असं खुद्द गूगलच्या माणसांनी सांगून ठेवलंय, आणि अण्णांनी तो वेळ दिला, याचं मला कौतुक आहे.

जूनमध्ये त्यांचा घाबरा फोन आला. "परत खाली टाकलं का गूगलनं? चार दिवस झाले, कुणी विचारीना." सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनात आपली साइट शोधात किती दिसली याचा सोळा महिन्यांचा इतिहास राहतो. जुन्या साइटपासूनचं ते खातं सुदैवानं शाबूत होतं, म्हणून मागचा जून काढला. तेव्हाही अशीच ओहोटी. डाळ मिलची साइट मे महिन्याशी ताडायची नसते, मागच्या जूनशी ताडायची. फोनवर मी हे सांगत होतो तेवढ्यात अण्णा स्वतःच म्हणाले, "व्हय की, पेरण्या चालू हायत."

एक प्रयोग फसला, तोही नोंदवायला हवा. मुलाच्या आग्रहाखातर आम्ही 'तूर डाळ खाण्याचे फायदे' असा लेख टाकला. काही महिन्यांत साइटवर सगळ्यात जास्त माणसं त्याच पानावर येऊ लागली. आलेख बघून मुलगा खूश होता. पण त्या पानावरून एकही फोन आला नाही. येणारे डाळ शिजवणारे होते, बनवणारे नव्हते. लेख आता काढून टाकला आहे. त्याच सुमारास कुणीतरी मुलाला एआयच्या उत्तरांत नाव आणून देण्याचं वेगळं पॅकेज विकायला आलं होतं. गूगलच्या सांगण्यानुसार त्या उत्तरांत येण्यासाठी वेगळं असं काही करावं लागत नाही. पान यादीत असावं आणि मजकूर कामाचा असावा. मुलानं या वेळी मला विचारण्याआधीच नाही म्हटलं होतं.

दुसऱ्या हंगामात वहीतला 'नेटवर' परत आला, आणि त्यासोबत प्रश्न बदलले. 'सिंगल फेजवर चालंल का' हे जवळपास कुणी विचारत नाही. ते वाचूनच फोन करतात. आता विचारतात : "लहान मॉडेलला हरभऱ्यासाठी रोलर बदलावा लागतो का?" "दोन क्विंटल घेऊन आलो तर समोर काढून दाखवता का?" वहिनी असे नवे प्रश्न महिन्याच्या शेवटी पानावर चढवतात. नुसतं 'डाळ मिल' असं शोधलं तर आजही बाजारपेठ-संकेतस्थळंच वर असतात, आणि बहुधा राहतील. 'सिंगल फेज मिनी डाळ मिल' किंवा 'तुरीचा उतारा' असं विचारणाऱ्याला मात्र अण्णा सापडतात.

एका प्रश्नाचं उत्तर साइटवर अजून नाही. वहीच्या जवळपास प्रत्येक पानावर तो आहे : किंमत किती? स्पर्धक बघतील म्हणून अण्णा छापू देत नाहीत; किंमत कशावर ठरते आणि तिच्यात काय-काय येतं, एवढंच लिहिलंय. मला वाटतं त्यांनी छापावी. मागच्या महिन्यात पुन्हा विषय काढला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "दसऱ्याला बघू."